कळसूबाईला पहिल्यांदा जाताना : चढण्याआधी उतरण्याचा हिशेब

कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच आहे आणि महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही, म्हणून डोंगरात कधीही न गेलेला माणूससुद्धा पहिला बेत बहुधा याच शिखराचा आखतो. त्यात गैर काही नाही. वाट मळलेली आहे, अवघड कातळटप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत आणि दोर लावण्याची वेळ कुठेही येत नाही. तरीही शनिवार-रविवारी दुपारनंतर पायथ्याच्या बारी गावाच्या वरच्या उतारावर गुडघा धरून बसलेले, पाणी संपलेले आणि अंधाराच्या भीतीने कावरेबावरे झालेले लोक हमखास भेटतात. पहिल्या खेपेला मीही त्यांच्यातच होतो. ऑक्टोबरातल्या एका सकाळी साडेनऊ वाजता, एक लिटर पाणी आणि आदल्या दिवशी घेतलेले नवे बूट एवढ्या भांडवलावर मी चढायला सुरुवात केली होती. शिखर गाठले, पण उतरताना दोन्ही अंगठ्यांची नखे बुटाच्या टोकावर आपटून काळी पडली आणि ती गळून नवी यायला पुढचे कित्येक महिने लागले. त्यानंतर अनेक वेळा गेलो, नवख्यांना घेऊनही गेलो, आणि दर वेळी एकच गोष्ट दिसली: माणसे चढणीची तयारी करून येतात आणि थकतात मात्र उतरताना. पुढचे टप्पे हे ध्यानात ठेवून लिहिले आहेत.

१. आधी आपला दम तपासा

बारी गावापासून शिखरापर्यंत आठशे मीटरांहून थोडी अधिक उंची चढावी लागते. हा आकडा कागदावर किरकोळ वाटतो. पण इमारतीचा एक मजला तीन मीटरांचा धरला तर हे सुमारे २७० मजले होतात, आणि तेवढेच उतरायचेही असतात. एका बाजूचे अंतर साधारण साडेसहा किलोमीटर आहे. नवख्या माणसाला चढायला साडेतीन ते चार तास आणि उतरायला अडीच ते तीन तास लागतात. शिड्यांवरची रांग, जेवण आणि माथ्यावरचा वेळ धरला तर सगळा मिळून आठ-नऊ तासांचा दिवस होतो.

महिनाभर आधीपासून आठवड्यातून तीन दिवस जिने चढा आणि लिफ्ट न वापरता उतरा. मांडीच्या पुढच्या स्नायूंना उतरण्याची सवय लागते ती उतरूनच, सपाट रस्त्यावर कितीही चालले तरी नाही. त्यानंतर एखादा सरावाचा डोंगर करावा. पुणेकरांनी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड करावा, मुंबईकरांनी कर्जतजवळचा कोथळीगड करावा, आणि नाशिककरांना तर रामशेज आणि अंजनेरी दारातच आहेत. सिंहगड पायी चढून आणि मुख्य म्हणजे पायीच उतरून दुसऱ्या दिवशी तुम्ही कामावर नीट जाऊ शकलात, तर कळसूबाईची तारीख ठरवायला हरकत नाही.

ही उंची हिमालयातली नाही, त्यामुळे विरळ हवेचा त्रास येथे होत नाही. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, दमा किंवा गुडघ्याचे जुने दुखणे असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका. दम्याचा पंप लागणाऱ्याने तो सॅकच्या तळाशी न ठेवता खिशात ठेवावा.

२. महिना आणि दिवस निवडा

नवख्यांसाठी नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम आहे. हवा कोरडी आणि थंड असते, कातळ सुके असतात आणि माथ्यावरून दूरचे दिसते. सप्टेंबरअखेरीस सोनकी आणि तेरडा फुललेला असतो, डोंगर अक्षरशः पिवळा होतो. परंतु तेव्हा वाटेवर चिखल असतो आणि दुपारनंतर विजांसह पाऊस येण्याची शक्यता असते.

भर पावसाळ्यात पहिली खेप करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ढगांत बुडालेल्या शिखरावर हिरवळ आणि धुके यांखेरीज काही दिसत नाही, शेवाळलेल्या कातळावर बुटांची पकड सुटते आणि ओल्या शिडीवर मागून ढकलणारी गर्दी असते. एप्रिल-मे महिन्यांत उलट अडचण येते. वाटेवर झाडांची सावली फार थोडी आहे आणि अकरानंतर तापलेल्या शिडीच्या कठड्याला हात लावणेही नकोसे होते.

शक्य असेल तर मंगळवार ते गुरुवार यांपैकी दिवस निवडा. रविवारी शिड्यांखाली अर्धा-पाऊण तास खोळंबावे लागू शकते. नवरात्रात पंचक्रोशीतील भाविक देवीच्या दर्शनाला येतात, त्या दिवसांत शिड्यांवरचा पहिला हक्क त्यांचा समजावा. गर्दीची तक्रार करायचीच असेल, तर ती आपण दुसरा दिवस का निवडला नाही याचीच करावी लागेल.

३. बारीपर्यंत कसे पोहोचाल

बारी हे गाव अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, घोटीहून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. मुंबईहून रेल्वेने येणाऱ्यांनी इगतपुरी किंवा घोटी गाठावे आणि तेथून भंडारदरा-राजूरकडे जाणारी एसटी किंवा जीप पकडावी. लोकलने येणारे कसाऱ्यापर्यंत येतात, कारण लोकल तेथेच संपते, आणि पुढचे अंतर जीपने कापतात. पुण्याहून येणाऱ्यांचा रस्ता संगमनेर, अकोले, राजूर आणि भंडारदऱ्याजवळचे शेंडी असा आहे. शेंडीहून घोटीच्या दिशेने निघाले की बारी लागते.

एसटीने आलात तर उतरतानाच वाहकाला परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून घ्या आणि गावातल्या दुकानदाराकडूनही तिची खात्री करून घ्या. मोबाइलवर पाहिलेले वेळापत्रक आणि प्रत्यक्ष येणारी गाडी यांचा मेळ बसेलच असे नाही.

इंदोरे गावाच्या बाजूनेही वर जाता येते. ती वाट कमी वर्दळीची आहे. पहिल्या खेपेला मात्र बारीचीच धरावी.

४. कागदपत्रे आणि सामान

डोंगराचा हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात येतो. ओळखपत्राची प्रत जवळ ठेवावी, आणि गाडी लावण्यासाठी व प्रवेशासाठी किरकोळ शुल्क द्यावे लागू शकते म्हणून दहा-वीस-पन्नासच्या सुट्ट्या नोटा घ्याव्यात. एखाद्या संस्थेबरोबर जाणार असाल तर पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा: राज्य शासनाच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार संस्थेची नोंदणी आहे का, किती जणांमागे एक वाटाड्या असतो, आणि प्रथमोपचार शिकलेला माणूस सोबत असतो का. पन्नास जणांमागे दोन पोरसवदा मार्गदर्शक असतील, तर त्या पैशांत आपण चार मित्र मिळून बारीतला एखादा जाणता माणूस सोबत घेऊ शकतो आणि ते अधिक सुरक्षित असते.

सामान पुढीलप्रमाणे असावे.

- पाणी प्रत्येकी तीन लिटर. दोन-तीन बाटल्यांत विभागलेले, म्हणजे एक सांडली तरी निभावते.
- मीठ-साखरेची किंवा ओआरएसची दोन पाकिटे.
- डोक्याला बांधायची विजेरी, नव्या सेलसह. दिवसा जाणार असलात तरीही घ्यावी. मोबाइलचा प्रकाश शिडीवर कामाचा नाही, कारण तो धरण्यात एक हात अडकतो.
- किमान महिनाभर वापरलेले, खोल खाचांच्या तळव्यांचे बूट आणि पायमोज्यांचा एक जास्तीचा जोड.
- कोरडा टीशर्ट, वारारोधक जाकीट आणि कानटोपी.
- क्रेप बँडेज, चिकटपट्ट्या, जंतुनाशक, शिट्टी आणि नेहमीची औषधे.
- जेवण: पोळी-चटणी, उकडलेली अंडी, गूळ-शेंगदाणे, खजूर, काकडी.
- रिकामी पिशवी, स्वतःचा कचरा खाली आणण्यासाठी.

सॅक दोन्ही खांद्यांवर घेण्याची आणि छातीजवळ पट्टा असलेली हवी. एका खांद्यावरची झोळी शिडीवर पुढे घसरते आणि नेमक्या त्याच क्षणी हात सोडावा लागतो. वाटेत झोपड्यांमधून लिंबूपाणी, ताक, भजी, मॅगी मिळते आणि त्या मावशींकडून अवश्य काहीतरी घ्यावे, पण आडवारी सगळी दुकाने उघडी असतीलच असे नाही. त्यांच्या भरवशावर पाणी कमी नेणे ही माझी पहिली चूक होती.

निघण्याच्या आदल्या दिवशी पायाची नखे कापा. हा सल्ला क्षुल्लक वाटत असेल, तर वर सांगितलेले माझे अंगठे आठवा.

५. निघण्याची वेळ : उलटीकडून मोजा

बहुतेक जण ‘किती वाजता निघायचे’ यापासून सुरुवात करतात. मी ‘किती वाजता गावात परत यायचे’ यापासून सुरुवात करतो. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. शेवटचा शेतातला पट्टा उजेडात पार व्हायला हवा, म्हणून साडेचारपर्यंत बारीत परतायचे ठरवा. उतरायला तीन तास आणि शिडीच्या रांगेसाठी अर्धा तास धरला तर माथा एकला सोडावा लागतो. माथ्यावर एक तास आणि चढायला वाटेतल्या थांब्यांसह पाच तास धरले, तर सकाळी सातला पहिले पाऊल पडायला हवे. याच गणिताला धरून एक नियम पाळा: एक वाजला की जेथे असाल तेथून मागे फिरा, मग शिखर शेवटच्या शिडीवर का राहिलेले असेना.

हल्ली रात्री चढून सूर्योदय पाहण्याचा प्रघात आहे. त्यात ऊन लागत नाही, हे खरे. परंतु रात्रीचा प्रवास, जागरण आणि लगेच चढण यांमुळे नवखा माणूस खाली उतरतानाच कोसळण्याच्या बेतात येतो. शिवाय उत्साहाने मध्यरात्री निघालेले गट चार वाजताच माथ्यावर पोहोचतात आणि पावणेसातच्या सूर्योदयापर्यंत घामाने भिजलेल्या कपड्यांत वाऱ्यावर कुडकुडत बसतात. रात्रीच जायचे असेल तर दुपारी झोप काढून, माहितगाराला सोबत घेऊन, अडीचच्या आधी न निघता जावे. माझा सल्ला मात्र आदल्या संध्याकाळी बारीत मुक्काम करण्याचाच आहे. गावात घरगुती जेवण आणि झोपण्याची सोय होते. चुलीवरची नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पिठले आणि ठेचा खाऊन नऊला झोपलेला माणूस सकाळी सहाला वेगळाच असतो.

६. चढण : पहिला तास सर्वांत महत्त्वाचा

गावातून वाट भातखाचरांच्या बांधांवरून निघते. येथे ढोरवाटा अनेक फुटतात आणि अंधुक उजेडात त्यांपैकी एखादी धरून भलत्याच झाडीत शिरण्याचे प्रकार होतात. शंका आली तर दहा पावलांत मागे फिरा, शंभर पावलांनंतर नाही. समोरून कोणी मामा गुरे घेऊन येत असले तर त्यांना सरळ विचारा.

थोड्या चढणीनंतर देवीचे खालचे मंदिर लागते. ज्यांना शिखरापर्यंत जाणे जमत नाही, ते येथेच हात जोडून परततात. सोबतच्या आई-वडिलांना पुढे जायचे की नाही हे ठरवण्यासाठी ही चांगली जागा आहे. कळसू नावाची मुलगी येथे पाटलाच्या घरी काम करत होती, केर काढणे आणि भांडी घासणे ही दोन कामे करणार नाही या अटीवर ती राहिली होती आणि अट मोडताच घर सोडून डोंगरावर निघून गेली, अशी कथा या भागात सांगतात. चढताना दम लागला की मला ही स्वाभिमानी मुलगी आठवते, कारण ती ज्या वाटेने गेली तेथे शिड्या नव्हत्या.

पहिल्या तासात सोबतच्या माणसाशी सलग वाक्य बोलता येईल एवढ्याच वेगाने चाला. बोलणे तुटू लागले तर वेग जास्त आहे. दर पंचेचाळीस मिनिटांनी पाच मिनिटे थांबा, उभ्याउभ्याच श्वास घ्या आणि तहान लागण्याची वाट न पाहता चार घोट पाणी प्या. दहा-पंधरा मिनिटे बसून राहिले की पोटऱ्या आखडतात आणि पुढची चढण दुप्पट वाटते. पहिल्या शिडीपाशी पोहोचेपर्यंत एक लिटरहून अधिक पाणी संपले असेल, तर उरलेल्याचा हिशेब तेथेच करा.

७. शिड्या

शिड्या उभ्या कातळाला घट्ट बसवलेल्या आहेत आणि त्यांना कठडे आहेत. भीती वाटते ती उंचीपेक्षा पायऱ्यांच्या मधल्या फटींतून खाली दिसणाऱ्या दरीची. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन नेहमी टेकलेले असावेत आणि एका वेळी एकच हलवावा, एवढे पाळले तर बहुतेकांची भीती तिसऱ्या-चौथ्या पायरीवर ओसरते. नजर खाली न टाकता हाताच्या पुढच्या पकडीवर ठेवा. काठी शिडीपूर्वीच दुमडून सॅकला बांधा, गळ्यातला कॅमेरा आत टाका. पुढचा माणूस आणि तुम्ही यांत चार-पाच पायऱ्यांचे अंतर असू द्या, म्हणजे त्याचा बूट निसटला तर तो तुमच्या बोटांवर पडणार नाही.

उतरताना उभ्या शिडीवर तोंड शिडीकडेच ठेवावे. पाठ शिडीकडे करून उतरणारे गडी बरेच दिसतात. त्यांचे अनुकरण करू नका. खालून वर येणारे आणि वरून उतरणारे समोरासमोर आले तर शिडीवर बाजूने वाट काढण्याचा प्रयत्न न करता एका बाजूने टप्पा मोकळा होऊ द्यावा. शिडीच्या मध्यावर फोटोसाठी थांबणाऱ्यामुळे खालच्या वीस माणसांचे हात भरून येतात.

ढग गडगडू लागले तर शिड्या आणि लोखंडी कठड्यांपासून ताबडतोब दूर व्हा. माथ्यावर असाल तर उंच भागावर उभे राहू नका, सखल जागेकडे सरका आणि शिडी गडगडाट थांबेपर्यंत धरू नका. या बाबतीत घाई करणाऱ्या सोबत्याचे ऐकू नये.

८. माथ्यावर

शेवटच्या शिडीआधी एक छोटे पठार आणि विहीर आहे. तिचे पाणी गाळून, शुद्धीकरणाची गोळी टाकूनच प्यावे. त्यावरची शेवटची शिडी चढली की थेट देवीच्या मंदिरासमोर पाऊल पडते. मंदिर एवढे लहान आहे की आत एका वेळी दोन-तीन माणसेच नीट मावतात. बूट बाहेर काढा, दर्शन घेऊन लगेच बाहेर या आणि मागच्यांना जागा द्या. गाणी वाजवणारा स्पीकर गावातच ठेवून आलेले बरे.

माथ्यावर आल्यावर पहिले काम ओला टीशर्ट बदलणे हे आहे, फोटो त्यानंतर. मग पश्चिमेकडे पाहा: अलंग, मदन आणि कुलंग हे तीन बेलाग किल्ले ओळीने उभे असतात. दक्षिणेला प्रवरेवरील भंडारदरा धरणाचे पाणी पसरलेले दिसते, त्यापलीकडे रतनगड आणि दूरवर हरिश्चंद्रगडाचा विस्तार. हवा स्वच्छ असेल तर उत्तरेकडे त्र्यंबकची डोंगररांगही ओळखता येते. येथे जेवा, पण पोट तट्ट भरू नका. निघण्यापूर्वी प्रत्येकाकडे किमान एक लिटर पाणी शिल्लक आहे याची खात्री करा.

९. उतरण

आता खरी परीक्षा सुरू होते. खाली बसा, बुटाच्या नाड्या पूर्ण सोडा, टाच मागे दाबून बसवा आणि घोट्याशी नाड्या करकचून बांधा. असे केले की पाऊल पुढे सरकत नाही आणि नखांवर मार बसत नाही. काठी आता बाहेर काढा आणि चढताना होती त्यापेक्षा थोडी लांब करा.

शिड्यांच्या मधल्या उतारांवर मुरूम आणि बारीक खडीचा घसारा आहे. तेथे माणसे घाबरून मागे रेलतात, टाचेवर वजन येते, पाय सटकतो आणि तळहात सोलवटतात. गुडघे किंचित वाकवून, अंग थोडे पुढे ठेवून, लहान पावले टाकत पूर्ण तळवा टेकवावा. धावत उतरणे टाळा. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना त्याची किंमत मोजावी लागते. गट लांबू लागला तर सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा आणि वाट ओळखणारा माणूस शेवटी ठेवा. नवख्या गटांत नेमके उलटे घडते: तगडे गडी पुढे पळतात, आणि मागे राहिलेला एकटा माणूस ढोरवाटेला लागतो.

कोणाचा पाय मुरगळला तर बूट काढू नका, कारण सूज आल्यावर तो पुन्हा चढत नाही. वरूनच बँडेज बांधून आधार देत उतरवा. चालणे अशक्य असेल तर जखमीसोबत एक जण थांबावा आणि दोघांनी गावात जाऊन मदत आणावी. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि अन्य आपत्तीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. डोंगरात रेंज येते-जाते, म्हणून ती जेथे मिळाली ती जागा चढतानाच लक्षात ठेवा.

१०. परतीचा प्रवास

गावात पोहोचलात की बूट काढा, पाय धुवा, कोरडे पायमोजे घाला आणि काहीतरी गरम खा. स्वतःची गाडी असेल तर ती कोण चालवणार हे आदल्या दिवशीच ठरलेले असावे, आणि त्या माणसाची झोप पुरी झालेली असावी. नऊ तास चाललेला माणूस बसताक्षणी पेंगतो, आणि मुंबईकडे जाताना पुढे कसारा घाट आहे. चालकाला खरोखर झोप येत असेल तर बारीतच एखाद्या ओटीवर तासभर आडवे व्हा. गावातल्या मावशी चहा टाकतात, आणि गाडी काढायला सात वाजले तरी कोणाचे काही बिघडत नाही.